मिसरूड न फुटलेला बाप

ग्लोव्हर नदीच्या वरच्या अंगाला, पाइनच्या डोंगरात, चोक्टॉ या अमेरिकेतल्या आदिवासी लोकांचं एक लहानसं चर्च आहे. त्याच्या शेजारच्या स्वयंपाकघराला दोन दारं. एक चर्चकडे उघडणारं, दुसरं मागं लाकडांच्या ढिगाकडे. ज्या पोरापोरीचं एकमेकांवर मन बसलेलं असे ती दोघं जेवायला येताना हटकून वेगवेगळ्या दारांनी यायची. पोरगा पुढून, पोरगी मागून, आणि जणू तोंडओळखही नाही. कारण दोन दारांच्या मधोमध, मक्याच्या कण्या आणि डुकराचं मांस रटरटणाऱ्या लोखंडी हंड्यापाशी, हातात वल्ह्याएवढा लाकडी चाटू घेऊन व्हायनी वाकातुबी उभी असे.

सगळा डोंगर तिला पोक्नी म्हणायचा, म्हणजे आजी. बुटकी, रुंद, नाकावर मोहरी सांडल्यासारखे तांबूस ठिपके. वाढता वाढता तिची नजर मागच्या दाराकडे जायची.

"कुणाची गं तू?"

"लडलोंची, पोक्नी."

"आडनाव घाल चुलीत. आडनावं सरकारनं वाटली. तुझ्या आईची आई कोण?"

"सालिना."

"कुठली सालिना? तिरळी, का खेचरानं लाथ घातलेली?"

"लाथवाली."

"मग त्यो पुढच्या दारात टोपी फिरवत हुबा हाय ना, त्याला म्हणावं टोपी खुंटीला लाव आन गुमान बहिणीला पाव वाढ. त्याची पणजी आन लाथवालीची आई सख्ख्या बहिणी. एका पणज्याची पोरं एका अंथरुणात न्हाई निजायची. घे, कण्या घे. रडू नगंस, मीठ बरुबर पडलंय त्यात."

हा तिचा कायदा. एका पणज्याची पोरं म्हणजे भावंडं, मग पणजा एखादी पिढी वरचा असला तरी; विषय मिटला. चर्चचे पाळकसुद्धा लग्न लावताना 'कुणाची हरकत आहे का' असं विचारायचे आणि डोळे स्वयंपाकघराच्या दाराकडे लावायचे. तिथून पोक्नीनं होकाराची मान हलवली की पुढचं वाक्य. स्वतःच्या सख्ख्या बहिणीची नात मेल्बा, तिचंही एक जमत आलेलं लग्न पोक्नीनं असंच मोडलं होतं. मेल्बा नंतर दुसऱ्याशी लग्न करून, कडेवर पोर घेऊन त्याच स्वयंपाकघरात कांदे चिरायला यायची, पण टोमणा मारायची एक संधी सोडायची नाही.

ही विद्या व्हायनीला तिच्या आजीनं दिली, रानकांदे उपटता उपटता. हिवाळा सरताना ओढ्याकाठी रानकांद्याची हिरवी पात वर येते. आजी एक जुडी उपटायची, मुळं झटकायची आणि एक घर सांगायची. ही याची आई, हा तिचा मामा, हे घर मिसिसिपीहून चालून आलं, ते घर तिकडंच मागं राहिलं. टोपली भरेस्तोवर अर्धा डोंगर सांगून व्हायचा. पोरीनं चुकीचं सांगितलं की कांद्याच्या पातीचा फटका पाठीवर. पुढं व्हायनीचं लग्न झालं. नवरा वेस्ली लाकूडतोडीवर होता, एके दिवशी झाडाखाली सापडून गेला. तिनं चर्चमध्ये, मयताघरी, गाण्याच्या बैठकीला रांधून मुलं वाढवली. मुलं डॅलसला, टल्साला गेली. चाटू तेवढा हातात राहिला, आणि डोक्यात सगळ्यांची घरं.

त्यातलं पहिलं घर तिचं स्वतःचं. तिची पणजी तीमा. सरकारनं चोक्टॉंना मिसिसिपीतल्या घरादारावरून उठवून मोठ्या नदीच्या पार हाकललं, तेव्हा तीमा परकरी पोर होती. म्हातारपणी ती एकच गोष्ट सांगायची, आणि घरात ती शब्दाला शब्द जपलेली होती:

"नदीवर बर्फाचं पानी पडत हुतं. माझ्या बापानं मला घोंगडीत बांधून पाठीवर घेतलं. माझा बाप लोली. केस मक्याच्या तुऱ्यावानी. आन त्याला अजून मिसरूड फुटलं नव्हतं."

लोली कोण ते सगळ्यांना ठाऊक होतं. मिसिसिपीत मीठ, बंदुकीची दारू, शिसं आणि कापड विकणारा एक स्कॉटलंडचा व्यापारी होता, रोरी नावाचा. त्यानं चोक्टॉ बायको केली होती. जुन्या चोक्टॉ जिभेला 'र' काही वळत नसे, म्हणून रोरीचा लोली झाला. मिसरुडाचं मात्र कोडं होतं. व्यापाऱ्याला, पोरीच्या बापाला, मिसरूड नाही? आजी म्हणायची, "गोरी मानसं दाढी-मिश्या उतरवत्यात, एवढंच." आणि तेवढ्यावर ते मिटलं होतं.

या लोलीचा खरा वारसदार म्हणजे व्हायनीचा धाकटा भाऊ ईलम. त्याच्या नाकावरही तसेच ठिपके. शाळेत गोरी पोरं त्याला रेड इंडियन म्हणायची आणि चोक्टॉ पोरं ठिपक्यांवरून 'राखेतली भाकरी'. म्हातारपणी त्यानं दोन्हीचा सूड उगवला. चौकटी चौकटीची लोकरी टोपी मागवली, ती भर उन्हाळ्यात घालायला लागला, आणि वर एक पिशवीचा बाजा आणला, स्कॉटलंडचे लोक काखेत मारून फुंकतात तो. ईलम ओसरीत बाजा फुंकायला बसला की त्याची कुत्री नदी ओलांडून जायची.

"तिकडं आपली गढी असंल, आक्का," तो म्हणायचा. "दगडी."

"मग जा की तिकडं. कुत्री तरी घरला येतील."

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना रानकांद्याच्या जेवणाला सीफस जिम आला.

सीफस मिसिसिपीचा. चोक्टॉ तिथून हाकलले गेले तेव्हा जे हटले नाहीत, दलदलीत, रानात दडून राहिले, त्यांच्यातला. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, म्हणून लेकीनं त्याला इकडे ब्रोकन बो गावात आपल्यापाशी आणलं होतं. काळा कुळकुळीत, उंच, हिकोरीच्या लाकडाचे चेंडूफळीचे दांडू बनवणारा. गाण्याच्या वेळी त्यानं मागच्या बाकावरून खालचा सूर धरला तेव्हा खिडकीची काच थरथरली, आणि स्वयंपाकघरात व्हायनीनं कारण नसताना ॲप्रन सारखा केला. त्याची बोली इकडच्या कानाला वेगळी लागे. शब्द तेच, पण ओढून, घोळून, जुन्या वळणाचे.

जेवून झाल्यावर तो हंड्यापाशी आला.

"बाई, कण्या तं झकास झाल्या. पण हा चाटू कायचा हाये? पाइनचा? पाइनच्या चाटवानं कण्याले टर्पेंटाइनचा वास मारते."

"वास मारतोय तर वाटीमागं वाटी कशी गेली वो?"

"वास हाये का नाई, पाहून राहिलो होतो."

पुढच्या रविवारी तो हिकोरीचा नवा चाटू घेऊन आला. दांड्यावर मक्याची कणसं कोरलेली. व्हायनी म्हणाली, "ठेवा तिथं," आणि तो गेल्यावर जुना चाटू चुलीत घातला. त्याच्या पुढच्या रविवारी मागच्या दाराशी लाकडं फोडून रचलेली. मग रानद्राक्षांच्या रसात शिजवलेले उंडे सीफसला आवडतात हे तिला कळलं, आणि हंगाम नसताना बाटलीत राखलेला रस बाहेर निघाला. सगळ्या चर्चनं ते उंडे खाल्ले, आणि कुणासाठी केले तेही सगळ्यांनी ओळखलं.

पण एक प्रश्न व्हायनीनं त्याला विचारला नाही. उभ्या डोंगराला विचारते तो.

मेल्बा कांदा चिरत होती. "पोक्नी, डोळ्यातनं पानी येतंय, पर दिसतंय मला सगळं. इचारलंस का त्याला?"

"काय?"

"कुणाचा रे तू."

"मिसिसिपीचा हाय त्यो. तिकडचं मला काय ठावं?"

"अगं बया! मागल्या साली तिकडनं आलेल्या बसच्या डायवरला तू त्याच्या आजीच्या सावत्र बहिणीपातूर नेऊन सोडलंवतंस. त्यो बिचारा बस सोडून पळाया लागला. आन आता ठावं न्हाई?"

"कांदा बारीक चिर."

"भेतीस तू," मेल्बा म्हणाली. "आमी भ्यायचो ना तुला, तशी."

खरं होतं ते. व्हायनीला आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी घर माहीत करून घ्यायचं नव्हतं.

वसंत पुरता फुलला तेव्हा सीफसनंच विषय काढला. ती मागच्या दारी उखळात मका कांडत होती, तो समोर ओंडक्यावर बसलेला.

"बाई, माहा काही लंबा-चौडा कारभार नाई. एक कुऱ्हाड, एक रंदा, एक टोपी. सकाळी चहा करतो तं दोन कप मांडतो. मंग एक परत ठेवतो. तू हो म्हण, म्हंजे तो परत ठेवा लागणार नाई."

मुसळ थांबलं. आता पळायला जागा नव्हती. तिनं डोळे मिटून विचारलं, "तुमी कुणाचे?"

"माह्या आईची आई तिकडचीच, मागं राहिलेल्यातली. तिचा बाप म्हंजे लोली. बुढा लोली. केस मक्याच्या तुऱ्यावाणी होते म्हणे. माह्याकडं पाहून वाटत नाई, पण हाये. त्यानं नदीपार एक लेक सोडली होती. मरेस्तोवर तिचं नाव घे."

"काय नाव?"

"तीमा."

व्हायनीच्या हातून मुसळ सुटलं आणि कोंबड्या उधळल्या.

"आता नदीकाठी काय झालं, तं..." सीफस पुढं सांगू लागला.

"बास!" ती म्हणाली. "तीमा माझी पणजी. लोली तुमचा पणजा, आन माझ्या पणजीचा बाप. एका माणसाची पोरं आपण. झालं. मिटलं."

"मंग तं आपण घरचेच झालो!" सीफस आधी हसलाच. मग त्याला तिचा चेहरा दिसला.

"घरचे, म्हणूनच न्हाई. ह्या हातानं लोकांची मोडलीत म्या, सीफस. लेकरं रडत गेली ह्या दारातनं. आता माझ्या वेळंला मी डोळा झाकू?"

सीफसनं टोपी गुडघ्यावरून उचलली, आतून बाहेरून पाहिली आणि डोक्यावर ठेवली. "तुहा कायदा तू मोडशीन तं तू तूच राहणार नाई. मंग मी कोणापाशी कण्या मागू?" असं म्हणून, सांडलेला मका उखळात भरून देऊन तो निघून गेला.

त्यानंतर चर्चच्या कण्या बिघडल्या. कधी मीठच नाही, कधी समुद्र. पाळकांनी एकदा प्रवचनात लोटच्या बायकोचा मिठाचा खांब झाला ती गोष्ट काढली, आणि सगळ्यांनी एकदम स्वयंपाकघराकडे पाहिलं. ईलम तेवढा आनंदात होता. त्याला डोंगराएवढा भाऊ मिळाला होता. तो सीफसला हाताला धरून घरी घेऊन जायचा, "भाऊ, आपल्या पणज्याच्या मुलखातलं गाणं ऐक," म्हणून बाजा फुंकायचा. सीफस टोपी कानावर ओढून सगळं ऐकून घ्यायचा. जाताना म्हणायचा, "चांगलं होतं. सरलं ते बरं झालं."

मेल्बासुद्धा टोमणे मारीनाशी झाली. पोक्नीला ते सगळ्यात जास्त लागलं.

उन्हाळ्यात मोठी बैठक भरली. चर्चभोवतीच्या झोपड्या माणसांनी भरल्या आणि मिसिसिपीहून बस आली. बसमधून ओडेसा नावाची एक तरुण बाई उतरली, सीफसच्या नात्यातली. कडेवर गोंडस, टकलं बाळ. ऊन फार म्हणून मेल्बानं तिला स्वयंपाकघरात पंख्याखाली बसवलं. व्हायनी हंडा ढवळत होती. इतक्यात मागच्या दारातून सीफस आत आला. त्या दिवसापासून तो या दारात आला नव्हता. व्हायनीनं मान वर केली नाही.

सीफसनं टोपी काढली. बाळासमोर वाकला. आणि मोठ्या अदबीनं म्हणाला:

"बाबा, बसमंदी तकलीप नाई ना झाली तुमाले?"

बाळानं त्याचं नाक धरलं.

"बाबाची तब्येत चांगली दिसते," सीफस ओडेसाला म्हणाला. "दात आले का बाबाले?"

"दोन आले. कालपासून बाबा चावते सगळ्याईले."

मेल्बानं सुरी खाली ठेवली आणि ॲप्रनमध्ये तोंड घालून हसायला लागली. "गेलं! म्हाताऱ्याचं डोस्कं गेलं! पोक्नी, बघ तुझ्या पायी काय झालं त्याचं!"

तेवढ्यात बाळानं सीफसच्या शर्टावर धार सोडली. सीफस हलला नाही. "बाबाची मर्जी," एवढंच म्हणाला. आता सगळं स्वयंपाकघर हसत होतं, एक ओडेसा सोडून. तिला यात हसण्यासारखं काय आहे तेच कळेना.

"हसून काऊन राहिल्या तुम्ही?" ती म्हणाली. "सीफसच्या बापाचं कूळ तेच माहं कूळ. कूळ तं आईकडूनच येते ना? मंग माह्या पोटचा पोट्टा सीफसच्या बापाच्या कुळातला झाला. म्हंजे त्याचा बाबाच झाला. बापाच्या कुळातला जो गडी जन्मते तो बाबा. पाळण्यात असो का काठी टेकत असो. तुमच्याकडं काय म्हणतात?"

"आमच्याकडं," मेल्बा डोळे पुसत म्हणाली, "बाबा एकच असतो आन त्याला दाढी असती."

"आमच्याकडं नसली तरी चालते," ओडेसा म्हणाली. "हा बोलाले लागला का सीफसले लेकरू म्हणन."

हंड्यातला चाटू थांबला. कण्या शिजत असताना पोक्नीचा चाटू थांबलेला आजवर कुणी पाहिला नव्हता. हसणं हळूहळू ओसरलं.

"मिसरूड," व्हायनी म्हणाली.

"काय?" सीफसनं विचारलं.

"सीफस, तुमचा लोली चालत गेला तवा केवढा हुता?"

"पोट्टा होता. मामासंगं बैल हाकत गेल्ता. आमच्या घरी म्हणतच होते ना, लोली मिसरूड नसताना गेला आन मिसरूड घेऊन आला. वापस आला तं त्याच्या मायनंच ओळखलं नाई, परका समजून दारातून हाकलला."

"आन त्यो दुकानवाला?"

"तो रोरी व्यापारी म्हंजे ह्याचा बाप. बापही रोरी, पोट्टाही रोरी. आपल्या तोंडी दोघंही लोली."

"मग तीमा?"

"तेच तं मी त्या दिवशी सांगून राहिलो होतो. तू मले पुढं बोलू कुठं देल्लं? मुसळ फेकलं आन बास म्हणाली." सीफस ओल्या शर्टानिशी बाकावर बसला. "नदीकाठी पटकी आली. लोकं मेले. एक नान्ही पोट्टी चिखलात बसून रडत होती, तिचे माय-बाप दोघंही सरले होते. लोकाईनं विचारलं, कोणाची वं तू? तिनं बापाचं कूळ सांगितलं. लोलीचा मामाही सरला होता, कोणी मोठा त्या कुळातला उरला नव्हता. हा पोट्टा उरला होता, लोली. त्याच्या मायचं कूळ तेच. तो पुढं झाला न म्हणे, माही. मी हिचा बाप. आन पाठीवर घेतली. तिकडं तिले तिच्या मावशीच्या घरी पोचवली आन मंग मायच्या आठवणीनं वापस फिरला."

कोणाची वं तू. व्हायनीनं आयुष्यभर हाच प्रश्न या हंड्यापाशी उभं राहून लोकांना विचारला होता, आणि तो तिच्या घरात कुठून आला ते तिला आज कळत होतं. कुणीतरी तो चिखलातल्या एका पोरीला विचारला होता, आणि मिसरूड न फुटलेल्या पोरानं त्याचं उत्तर दिलं होतं.

"आवो, मग ह्ये तुमी आधी कशापायी न्हाई बोललात?" तिचा आवाज चिरकला. "तीमा त्याच्या पोटची नव्हती म्हणून!"

"आमच्याकडं लेक म्हंजे लेक," सीफस शांतपणे म्हणाला. "पोटची का कुळाची, कोण विचारते? मले वाटलं तुह्या कायद्यात दोन्ही बसते. तुह्यापुढं हिशेब कोण मांडन?"

व्हायनीनं चाटू हंड्याच्या काठावर आपटला. "माझ्या कायद्यात पोट मोजत्यात. एका पणज्याच्या पोटची. लोली तुमच्या आजीचा पोटचा बाप. माझ्या तीमाचा त्यो पाठीचा बाप. पाठीचा बाप लग्नाला आडवा येत न्हाई!"

"उचलून नेऊन पोचवते," मेल्बानं सीफसची नक्कल करत जोडलं, आणि मग जो गिल्ला झाला त्यानं बाळ दचकून रडायला लागलं. "बाबा घाबरले!" मेल्बा ओरडली.

पण संध्याकाळी भांडी घासताना तीच मेल्बा म्हणाली, "आता लोक म्हणत्याल, पोक्नीनं आपल्यासाठी कायदा वाकवला."

व्हायनीला झोंबलं. "तुझं मोडलं ते आईकडनं मोजून. आईच्या आईच्या बहिणी. त्यात बाप हा शब्दच न्हाई. तरी परत मोजते." आणि ती खरोखर मोजायला बसली. तो आठवडा तिनं मोडलेलं एकेक लग्न घेऊन, त्या त्या घरच्या म्हाताऱ्यांपाशी जाऊन, शब्द न शब्द परत विचारून काढला. बाप म्हंजे कसला बाप? पोटचा का पाठीचा? म्हातारे वैतागले. मोडलेली सगळी आईकडूनच मोडलेली निघाली. मेल्बाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरंच झालं म्हण. ज्याच्याशी मोडलंस ना, परवा दिसला त्यो मला. ट्रकच्या दारातनं पोट आधी उतरलं आन मग त्यो."

राहता राहिला ईलम. त्याला सांगायला दोघं मिळून गेली. तो ओसरीत बाजाला तेल लावत बसला होता. ऐकता ऐकता त्याची टोपी पुढं घसरली.

"म्हंजे माझ्यात स्कॉटलंडचं कायबी न्हाई?"

"थेंबबी न्हाई," व्हायनी म्हणाली.

"मग ह्ये नाकावरचे ठिपके?"

"ऊन. शेतात टोपी घातली असतीस तर नसते आले."

"आन ह्याच्यात हाय?" ईलमनं काळ्याभोर सीफसकडे बोट दाखवलं. "ह्याच्यात? गढी ह्याची?"

"दिसते तशी नाई, पण हाये," सीफस ओशाळून म्हणाला.

मग त्यानं चौकटीची टोपी डोक्यावरून काढली, झटकली आणि उभं राहून सीफसच्या डोक्यावर ठेवली. ती त्याला दोन बोटं लहान झाली. मग त्यानं बाजा उचलला.

"नाई नाई," सीफस घाईनं म्हणाला. "बाजा तुमच्यापाशीच राहू द्या. लोलीनं तुमच्या पणजीले पाठीवर आणली, तुम्हीही त्याचेच. कुळातला बाजा कुळात राहिला."

ईलमचा चेहरा एकदम उजळला. त्या दिवसापासून तो भेटेल त्याला सांगतो की आपला वंश असातसा नाही, पाठीचा आहे. बाजा अजून फुंकतो. कुत्री अजून नदीपार जातात.

मका काढून झाल्यावर लग्न ठरलं. चर्च गच्च भरलं होतं. व्हायनी निळ्या कपड्यात, सीफस डोक्यावर ती तोकडी टोपी घालून. पाळकांनी खुणावल्यावर त्यानं ती काढून हातात धरली. गाणी झाली. यावेळी खालचा सूर नवरदेवच लावत होता. पाळक म्हणाले, "कुणाची हरकत आहे का?" आणि सवयीनं डोळे वर करून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

मग त्यांच्या लक्षात आलं की पोक्नी तर समोर उभी आहे. ते गडबडले. पण लोकांच्या माना तोवर दाराकडे वळल्या होत्या, आणि दार रिकामं नव्हतं. तिथं मेल्बा उभी होती. एका हातात हिकोरीचा चाटू, दुसरा हात कमरेवर.

ती मान हलवेना.

"मेल्बा," पाळक हळूच म्हणाले.

"थांबा की. घाई कसली?" मेल्बानं सीफसला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "कुणाचा रे तू?"

"लोलीचा, माय," सीफस टोपी छातीशी धरून म्हणाला. "पोटचा."

"आन तू गं? कुणाची?"

व्हायनीनं मागं वळून पाहिलं. ईलम पहिल्या बाकावर बाजा मांडीवर घेऊन तयार बसला होता, आणि त्याच्या शेजारची माणसं कानात घालायला बोटं तयार ठेवून होती.

"लोलीची," ती म्हणाली. "पाठीची."

मेल्बा दाढी नसलेल्या हनुवटीवरून हात फिरवत विचार करू लागली. आजवर पोक्नीनं जितक्यांना त्या दारापाशी तिष्ठत ठेवलं होतं तेवढ्या सगळ्यांच्या वतीनं ती वेळ घेत होती. स्वयंपाकघरातून हलकासा करपट वास यायला लागला.

तो वास सगळ्यांत आधी नवरीच्या नाकाला लागला.

"मान हलव गं भवाने!" व्हायनी पाळकांच्या समोरूनच ओरडली. "कण्या बुडाला लागतायत!"